परिचारिकेचा निर्णय आणि रस्त्याचा वेळ : शहापूर-मुरबाडच्या प्रसूतिसेवेचा विचार

बाळंतपण सांभाळणाऱ्या परिचारिकेला निर्णय घ्यायला मदत करणारी साधने गेली सत्तर वर्षे तयार होत आहेत. आधी आलेख आले, मग तपासणी-याद्या आणि रक्त मोजणाऱ्या पिशव्या आल्या, आता मोबाइलवरची ॲप येत आहेत. त्यांची चर्चा बहुधा मोठ्या रुग्णालयाची लेबर रूम गृहीत धरून होते. तिथे धोका दिसला की स्त्रीरोगतज्ज्ञ त्याच इमारतीत सापडतो. शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री दोन वाजता धोका दिसला, तर सिस्टरपुढे एकच प्रश्न उभा राहतो : हिला आत्ता पाठवायचे की थांबायचे? या प्रश्नात रस्त्याचा वेळ मिसळलेला आहे. जे साधन तो वेळ हिशेबात धरत नाही, ते कितीही आधुनिक असले तरी या दोन तालुक्यांत अपुरे पडते, असे माझे म्हणणे आहे आणि पुढचे विवेचन त्यासाठीच आहे.

प्रदेश

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि उरलेला ठाणे जिल्हा लोकसंख्येच्या दृष्टीने जवळजवळ शहरी झाला. ठाणे, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी या शहरांच्या सरासरीत शहापूर-मुरबाडचे आकडे विरघळून जातात. शहापूर हा क्षेत्रफळाने जिल्ह्यातला सर्वांत मोठा तालुका. मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा ही धरणे इथलीच, आणि त्यांच्या पाणलोटाच्या आसपास ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांचे पाडे विखुरलेले. मुंबई-नाशिक महामार्ग आणि कसाऱ्याची लोकल याच तालुक्यातून जातात, पण डोळखांबच्या अंगाला आत शिरले की महामार्गाचा उपयोग संपतो. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता हाच त्याचा कणा. सरळगाव, टोकावडे त्या रस्त्यावर, आणि बाकीची गावे त्याच्यापासून फुटणाऱ्या वाटांवर.

महाराष्ट्रात ९४.७ टक्के प्रसूती आता दवाखान्यांत होतात, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसते. २०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार राज्याचा मातामृत्यूदर दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता. ही मोठी कमाई आहे. पण त्यामुळे प्रश्न पुढच्या पायरीवर सरकला आहे. बाईला दवाखान्यात आणण्यासाठी आशा आहे, जननी सुरक्षा योजना आहे, १०२ आणि १०८ च्या गाड्या आहेत. पाड्यापासून रस्त्यापर्यंत अजूनही झोळी लागते आणि दर पावसाळ्यात तशा बातम्या येतात, ती लाज वेगळी. मात्र दवाखान्यात पोचलेल्या बाईचा पुढचा प्रवास कोण ठरवतो, कशाच्या आधारावर ठरवतो, याकडे फार कमी लक्ष गेले आहे. प्राथमिक केंद्रातून शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय, तिथे त्या वेळी भूलतज्ज्ञ किंवा रक्त नसेल तर उल्हासनगर, कळवा, ठाणे : ही शिडी आहे. तिची प्रत्येक पायरी वेळ खाते.

म्हणून ‘रस्त्याचा वेळ’ याचा अर्थ केवळ गाडी धावण्याचा वेळ असा घेऊन चालणार नाही. सिस्टरने ठरवल्यापासून शस्त्रक्रिया प्रत्यक्ष सुरू होईपर्यंतचा सगळा काळ त्यात धरला पाहिजे : फोन लागणे, गाडी येणे, घरच्यांची तयारी, रस्ता, पुढच्या ठिकाणी पुन्हा तपासणी, भूल, रक्त.

आलेख

इमॅन्युएल फ्रीडमन यांनी १९५४ साली न्यू यॉर्कमध्ये पहिलटकरणींच्या कळांचा अभ्यास करून गर्भपिशवीचे तोंड वेळेनुसार कसे उघडते याचा आलेख काढला. त्याला निर्णयाचे साधन बनवले ते फिलपॉट आणि कॅसल यांनी, १९७२ साली, तेव्हाच्या ऱ्होडेशियात. त्यांच्यापुढची अडचण आपल्या ओळखीची होती : लांबच्या केंद्रांत सुईणी-परिचारिका बाळंतपणे करत, आणि अडलेली बाई शहरातल्या रुग्णालयात फार उशिरा पोचे. त्यांनी आलेखावर दोन तिरक्या रेघा मारल्या. पहिली सावधानतेची, तासाला एक सेंटिमीटर या गतीने तोंड उघडले नाही तर ती ओलांडली जाते. दुसरी कृतीची, पहिलीच्या उजवीकडे चार तासांवर. मधली चार तासांची पट्टी ही बाईला हलवण्याची आणि पुन्हा तपासून पाहण्याची सवड होती. म्हणजे आलेखाच्या मुळाशीच रस्ता होता. नंतर तो शहरी रुग्णालयांत गेला आणि ही गोष्ट विसरली गेली.

जागतिक आरोग्य संघटनेने हा आलेख स्वीकारला आणि इंडोनेशिया, मलेशिया, थायलंड या देशांत ३५,४८४ बायकांवर पारखला. १९९४ साली निष्कर्ष आले : लांबलेली बाळंतपणे ६.४ वरून ३.४ टक्क्यांवर आली. आपल्याकडे एएनएम आणि स्टाफ नर्स यांच्या प्रशिक्षणात त्याचे सोपे रूप शिकवले जाते. ते शिकलेली सिस्टर तो भरतेही, पण पुष्कळदा बाळंतपण उरकल्यावर, केस पेपर पूर्ण करण्यासाठी. जगभरच्या अभ्यासांत हेच आढळले आहे. याचा दोष परिचारिकेवर टाकणे मला मान्य नाही. रात्रपाळीला एकटी सिस्टर, एका टेबलावर कळा देणारी बाई, दुसऱ्या खाटेवर नुकतीच बाळंत झालेली. अर्ध्या तासाने बाळाचे ठोके मोजायचे, चार तासांनी आतून तपासायचे, शिवाय लेबर रूमचे रजिस्टर आणि पोर्टलची माहिती. ज्या कागदावरून तिला कुणी काही विचारणार नाही आणि ज्याच्या जोरावर ती कुणाला काही सांगू शकणार नाही, तो कागद सर्वांत शेवटी भरला जाणे साहजिक आहे.

दुसरी अडचण शास्त्रीय होती. नायजेरिया आणि युगांडातल्या १३ रुग्णालयांत सुमारे दहा हजार बायकांची निरीक्षणे घेतल्यावर दिसले की तासाला एक सेंटिमीटर या वेगाने न उघडताही असंख्य बायका सुखरूप बाळंत होतात. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने ती रेघ सोडून दिली आणि २०२० साली प्रसूती देखभालीचा नवा तक्ता आणला. त्यात तिरकी रेघ नाही. सक्रिय कळा पाच सेंटिमीटरपासून धरल्या आहेत आणि प्रत्येक सेंटिमीटरला मर्यादा आहे : पाचवर सहा तास, सहावर पाच, सातवर तीन, आठवर अडीच, नऊवर दोन. मर्यादा ओलांडली की त्या नोंदीभोवती वर्तुळ करायचे आणि पुढे काय करणार ते लिहायचे. सोबतीला माणूस आहे का, तोंडाने पाणी घेतले का, वेदनेवर काही केले का, या प्रश्नांनाही त्यात जागा आहे. माणुसकीच्या दृष्टीने हा तक्ता जुन्या आलेखापेक्षा निःसंशय पुढे आहे.

पण तो तक्ता मुरबाडच्या एखाद्या आतल्या केंद्रात ठेवून पाहू. समजा, पावसाळ्याच्या रात्री त्या केंद्राचा रस्त्याचा वेळ अडीच तास आहे. रात्री आठ वाजता बाई पाच सेंटिमीटरवर आहे आणि पुढे सरकत नाही. तक्ता पहाटे दोनला धोका दाखवेल. त्यावर निर्णय घेतला तर शस्त्रक्रिया साडेचारला सुरू होईल. रुग्णालयातल्या बाईला जे उत्तर दोनला मिळते ते हिला साडेचारला मिळते. आता मर्यादेतून रस्त्याचा वेळ वजा करा : सहातून अडीच गेले, उरले साडेतीन. म्हणजे रात्री साडेअकराला सिस्टरने काहीतरी केले पाहिजे. काय? लगेच पाठवणे नव्हे, कारण अशा बायकांपैकी पुष्कळ जणी पुढे आपोआप बाळंत होतील. साडेअकराला पुढच्या रुग्णालयाला कळवायचे, तिथे आज रात्री भूलतज्ज्ञ आहे का ते विचारायचे, गाडी केंद्राच्या दारात आणून ठेवायची. ही कळवण्याची रेघ. निघण्याची रेघ वेगळी आणि तिच्यानंतरची.

हेच गणित पुढे नेले की आणखी एक गोष्ट हाती लागते. आठ सेंटिमीटरवर मर्यादा अडीच तासांची, वजाबाकी शून्य. नऊवर ती ऋण होते. याचा अर्थ असा की केवळ गती मंद आहे एवढ्याच कारणावरून पाठवायचे असेल, तर या केंद्रासाठी तो निर्णय आठ सेंटिमीटरच्या आधी व्हायला हवा. त्यानंतर, विशेषतः दुसरे-तिसरे बाळंतपण असेल, तर गाडीत प्रसूती होण्याचा धोका मोठा असतो आणि हलत्या गाडीपेक्षा सिस्टरचे टेबल बरे. चांगल्या साधनात ‘आता पाठवू नका, इथेच तयारी करा’ हेही उत्तर असले पाहिजे. मी पाहिलेल्या नमुन्यांत सगळा भर पाठवण्यावरच आहे. डोके अडकल्याची चिन्हे, हिरवट पाणी, बाळाचे ठोके बिघडणे, झटके यांना हे गणित लागू नाही. तिथे एक मिनिटही वजा करायला नसते. ही वजाबाकी माझी आहे. जिल्ह्यातल्या प्रसूतितज्ज्ञांनी आणि अनुभवी सिस्टरांनी ती तपासून, प्रत्येक केंद्राच्या खऱ्या वेळांवर बसवून मगच वापरावी.

यादी

तपासणी-यादीची गोष्ट थोडक्यात सांगता येते. २९ बाबींची सुरक्षित प्रसूती यादी कर्नाटकातल्या एका उपजिल्हा पातळीवरच्या केंद्रात आधी वापरून पाहिली, तेव्हा २९ पैकी सरासरी १० गोष्टी होत होत्या त्या २५ होऊ लागल्या. मग उत्तर प्रदेशात २४ जिल्ह्यांतल्या १२० केंद्रांवर मोठा प्रयोग झाला. निष्कर्ष डिसेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. परिचारिकांचे वागणे सुधारले. माता-बालकांचे मृत्यू आणि गंभीर इजा मात्र दोन्ही गटांत सारख्याच राहिल्या, १५.१ आणि १५.३ टक्के. यावरून यादी निरुपयोगी ठरते असे मला वाटत नाही. हातमोजे, ऑक्सिटोसिन, बाळाला अंगाशी धरणे ही कामे केंद्राच्या भिंतीच्या आत होतात आणि ती यादीने सुधारतात. भिंतीबाहेरचा दुवा, म्हणजे रक्त, भूल, शस्त्रक्रिया, यादीच्या हातात नव्हता. त्याच महिन्यात केंद्र सरकारने लेबर रूमच्या गुणवत्तेसाठी ‘लक्ष्य’ कार्यक्रम सुरू केला. शहापूर-मुरबाडमध्ये त्याचा लाभ व्हायचा तर लेबर रूमच्या दारापुढचे अंतरही गुणवत्तेत मोजले पाहिजे.

रक्त

माझ्या मते ग्रामीण परिचारिकेसाठी आजवर झालेले सर्वांत चांगले निर्णय-साधन म्हणजे प्लॅस्टिकची एक पिशवी आहे, आणि ती आपल्या शेजारच्या बेळगावातून आली. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या पथकाने जिल्ह्यातल्या खेड्यांत एएनएमच्या हातून झालेल्या १,६२० प्रसूतींत मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांची चाचणी घेतली. २००६ साली निष्कर्ष आला : प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव १२ वरून ६.४ टक्क्यांवर. या चाचणीत बाईच्या खाली नरसाळ्यासारखी, खुणा केलेली पिशवी ठेवून रक्त मोजले होते. नजरेने अंदाज केला तर रक्त बरेच कमी भासते, हे त्याच पथकाने दाखवून दिले. पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथे अशा पिशवीला ठरलेल्या उपचारांची जोड दिली : पोट चोळणे, ऑक्सिटोसिन, ट्रानेक्झामिक ॲसिड, सलाइन, तपासणी, मदत मागणे. २०२३ च्या निष्कर्षात गंभीर रक्तस्राव आणि त्याचे परिणाम ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आले.

हे यश कशामुळे? पिशवीत मोजमाप आणि मर्यादा एकाच जागी आहेत. वीज लागत नाही, नेटवर्क लागत नाही, वेगळी नोंद करावी लागत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे : रेघ ओलांडल्यावर पहिले उपचार सिस्टरच्या स्वतःच्या हातात आहेत, तिच्या ट्रेमध्ये आहेत. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला निरक्षर दाईंसाठी वाळूचे घड्याळ आणि मणी वापरून श्वास मोजण्याचे यंत्र केले होते, त्यातही हाच विचार होता. आकडा मनात धरून त्याची मर्यादेशी तुलना करण्याचे ओझे साधनाने उचलले.

शहापूर-मुरबाडसाठी यात एक भर हवी. रक्तस्रावाची ५०० मिलिलिटरची मर्यादा निरोगी बाईचा विचार करून ठरली आहे. वीटभट्टीवरून सातव्या-आठव्या महिन्यात परतलेल्या कातकरी बाईचे हिमोग्लोबिन सात असेल, तर तिला ५०० ची वाट पाहणे परवडणार नाही. तिच्यासाठी कळवण्याची रेघ ३०० वर असावी, आणि माता-बाल कार्डावरचा हिमोग्लोबिनचा आकडा दाखल होतानाच पिशवीवर मार्करने लिहावा.

चुकीच्या माहितीवरचा बरोबर नियम

साधन चुकते तेव्हा बहुधा नियमात चूक नसते, आत भरलेल्या माहितीत असते. अकाली प्रसूतीत आईला स्टेरॉइड दिले की बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात, हे सिद्ध झालेले आहे. याच ज्ञानाच्या आधारे सहा देशांत एक मोठी चाचणी झाली. तिची दोन केंद्रे बेळगाव आणि नागपूर इथे होती. गर्भाच्या वयाचा अंदाज करायला आरोग्यसेवकांना सोपी साधने दिली होती. २०१५ साली आलेला निकाल धक्कादायक होता : कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत आणि एकूण नवजात मृत्यू हजारी साडेतीनने वाढले. ज्यांना इंजेक्शने मिळाली त्या बहुतेक मातांची बाळे कमी वजनाची नव्हतीच. पाच वर्षांनी, सोनोग्राफीने वय नक्की केलेल्या आणि बाळाची काळजी घेण्याची सोय असलेल्या रुग्णालयांत तेच औषध मृत्यू कमी करते हे पुन्हा दिसले.

आपल्या पाड्यांवर पाळीची तारीख सणावरून, भातलावणीवरून सांगितली जाते. पहिल्या तिमाहीत सोनोग्राफी झालेली असतेच असे नाही. अशा ठिकाणी ॲपने ‘३३ आठवडे’ असे दाखवले तर तो आकडा खात्रीचा वाटतो, कारण तो पडद्यावर आहे. म्हणून माहिती कितपत भरवशाची आहे हे साधनानेच विचारले पाहिजे : तारीख सोनोग्राफीवरून की आठवणीवरून? उत्तर ‘आठवणीवरून’ असेल, तर त्याने इंजेक्शनचा सल्ला स्वतः न देता डॉक्टरांना फोन करायला सांगावे.

इशाऱ्यांचे ओझे

एक साधा हिशेब करू. समजा एका केंद्रात वर्षाला २०० बाळंतपणे होतात आणि त्यांतल्या १० बायकांना खरोखर वरच्या रुग्णालयाची गरज पडते. साधन त्यांतल्या ८ ओळखते; उरलेल्या १९० जणींत १५ टक्के वेळा नाहक इशारा देते, म्हणजे सुमारे २८ वेळा. एकूण ३६ इशाऱ्यांत ८ खरे. प्रत्येक इशारा म्हणजे ‘पाठवा’ असा अर्थ केला, तर २८ कुटुंबे विनाकारण ठाण्याला जातील, मजुरी बुडेल, घरची लहान मुले शेजाऱ्यांकडे राहतील, आणि तालुक्याची गाडी दुसऱ्या कुणाला हवी असताना रस्त्यात असेल. इशाऱ्यांकडे दुर्लक्ष केले, तर त्या आठजणींचा जीव धोक्यात येईल. यातून सुटण्याची वाट अधिक हुशार यंत्रात शोधण्यापेक्षा इशाऱ्याच्या पायऱ्या करणे मला जास्त शहाणपणाचे वाटते : आधी पुन्हा तपासा, मग कळवा, मग हलवा. पहिल्या दोन पायऱ्यांना खर्च जवळजवळ नाही, त्यामुळे तिथे नाहक इशारा परवडतो.

कळवायचे तर पलीकडे कुणीतरी हवे. मध्य प्रदेश आणि राजस्थानात ‘अस्मान’ कार्यक्रमात परिचारिकांना टॅब्लेट देताना दूरच्या तज्ज्ञ केंद्राची जोडही दिली होती. त्यातला टॅब्लेट लोकांच्या लक्षात राहतो. मला त्या फोनपलीकडच्या माणसाचे मोल अधिक वाटते.

अधिकार

आता सर्वांत अवघड मुद्दा. सिस्टरने वेळेवर पाठवले आणि बाई वाटेतच सुखरूप बाळंत झाली, तर ‘कशाला पाठवलेस’ असे ऐकावे लागते. थांबली आणि बिघडले, तर ‘का थांबलीस’ याची चौकशी होते. कंत्राटी नेमणूक असेल तर ही भीती दुप्पट. अशा स्थितीत कुठलीही परिचारिका स्वतःला वाचवणारा निर्णय घेईल, आणि साधन त्या बचावाचा कागद बनेल.

त्यावर उपाय एकच दिसतो : साधनाने दोन्ही टोकांना बांधले पाहिजे. कळवण्याची रेघ ओलांडली आणि सिस्टरने फोन केला, की पुढच्या रुग्णालयात कुणी तो घेतला, किती वाजता घेतला, काय सांगितले, हे त्याच तक्त्यावर नोंदले जावे. नियमानुसार पाठवलेल्या बाईबद्दल, ती वाटेत बाळंत झाली तरी, सिस्टरला जाब विचारला जाऊ नये असा लेखी आदेश असावा. आणि बाईचे पुढे काय झाले हे दोन दिवसांत केंद्राला कळावे. आज पाठवलेल्या बाईची खबर सिस्टरला पुष्कळदा आशाकडूनच, गावात परतल्यावर मिळते. आपला निर्णय बरोबर होता की नाही हे कधीच कळत नसेल, तर निर्णय सुधारायचा कशाच्या आधारावर?

ठाणे जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना माझी विनंती आहे. नवे टॅब्लेट मागवण्याआधी शहापूर-मुरबाडच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राचा रस्त्याचा वेळ दोनदा मोजा, एकदा उन्हाळ्याच्या दिवसा आणि एकदा जुलैच्या रात्री. तो आकडा केंद्राच्या लेबर रूममध्ये भिंतीवर लिहा, तक्त्यावर त्या केंद्राची स्वतःची कळवण्याची रेघ छापा, आणि त्या रात्री फोन कोण उचलणार त्या पदाचे नाव आणि नंबर तिच्याखाली द्या. या कामाला लागणारे पैसे फार थोडे आहेत. येत्या पावसाळ्याआधी ते होऊ शकते.